अडतीस पोस्टकार्डं, सोलापूर

रविवार रात्र

पुण्याहून संध्याकाळी सहाला निघालेली हुतात्मा एक्स्प्रेस दहाच्या सुमारास सोलापुरात पोचली. मी मुलांसाठी लिहिते आणि शाळाशाळांत जाऊन मुलांना लिहितं करते, म्हणून सामानात कपडे कमी आणि कागद जास्त. एक रीम कोरे, बिनरेघी कागद, पेन्सिलींचे खोके, चार कात्र्या आणि ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक. बालभारतीने १९७१च्या नोव्हेंबरात सुरू केलेलं हे मासिक माझ्या लहानपणी आमच्या घरी यायचं. आता त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, तरी मी कागदी अंकच नेते. मुलांना तो हातात घेऊन, वास घेऊन, मागून पुढे चाळायचा असतो.

समोरच्या बाकावर आईसोबत एक पाचवीतला मुलगा होता. गाडीचं नाव हुतात्मा का, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, १९३०च्या मे महिन्यात सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. तो थोडा वेळ खिडकीबाहेरच्या अंधारात बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे त्यांना पण ह्याच रुळावरून पुण्याला नेलं असंल का?” मी हा प्रश्न वहीत लिहून घेतला. अशा एका प्रश्नावर अख्खी गोष्ट उभी राहते.

सात रस्त्याजवळ आत्येबहिणीचं घर आहे. दार उघडताच ती म्हणाली, “ये की, किती वेळ!” ताटात कडक भाकरी, शेंगा चटणी आणि वर दही. मी गपगार जेवले आणि झोपले.

सोमवार

शाळा शहराच्या पूर्व भागात. इथे यंत्रमागांचे कारखाने घराला चिकटून आहेत, पुष्कळदा घरातच आहेत. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतात. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, उर्दू, मराठी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, असा इथल्या मुलांचा दिवस असतो.

बोलावणं आलं ते ‘वाचनाचे महत्त्व’ या विषयावर भाषणासाठी. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, अशी बोलावणी ढिगाने येतात आणि उरलेलं वर्ष फोन वाजत नाही. म्हणून मी मुख्याध्यापकांना आधीच कळवलं होतं की मी जानेवारीत येईन, पण भाषण करणार नाही. मला एकच वर्ग द्या, तीन दिवस द्या आणि रोज सलग दोन तास द्या. सगळ्या शाळेला एकदा भेटण्यापेक्षा एका वर्गाला तीनदा भेटावं, हे मी पंधरा-सोळा वर्षं शाळाशाळांतून फिरून शिकले आहे. पहिल्या दिवशी मुलं आपल्याला ओळखतात, दुसऱ्या दिवशी ती खरं लिहितात, तिसऱ्या दिवशी लिहिलेलं सुधारायला तयार होतात. सर म्हणाले, “सातवी घ्या. अडतीस आहेत.”

बाहेर मैदानात २६ जानेवारीसाठी लेझीम चाललं होतं. हलगीचा आवाज वर्गात येत होता. मी काहीच न सांगता फक्त म्हटलं, एक गोष्ट लिहा, वीस मिनिटं. बघायचं होतं की मुलं आपणहून कुठून सुरू करतात.

अडतीसपैकी एकतीस गोष्टी ‘एका गावात’ सुरू झाल्या. गावात गरीब शेतकरी होता, त्याला दोन मुलगे होते, एक आळशी आणि एक कष्टाळू. आणि शेवटी, अगदी नियमाने, नवीन ओळीवर अधोरेखित करून: तात्पर्य. या मुलांपैकी कुणीच शेतकऱ्याचं नव्हतं. कुणाचे वडील मागावर, कुणाचे रिक्षा चालवतात, कुणाची आई विड्या वळते. पण गोष्ट म्हटली की तिच्यात शेतकरी हवा आणि शेवटी तात्पर्य हवं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलांची यात काही चूक नाही. आपण त्यांना वर्षानुवर्षं वाचायला जे दिलं आणि ज्याला गुण दिले, तेच ती परत देतात.

मी सगळे कागद गोळा केले, आभार मानले आणि दुसरा कोरा कागद वाटला. “आता गोष्ट नको. डोळे मिटा. पहाटे जाग आली की घरात पहिला आवाज कशाचा येतो, तेवढंच लिहा. चार ओळी चालतील. शुद्धलेखन मी बघणार नाही. तात्पर्य लिहायचं नाही.”

शेवटचं वाक्य ऐकून वर्गात खसखस पिकली. एकाने हात वर केला, “मग शेवट कसा करायचा?” म्हटलं, “सांगायचं संपलं की थांबायचं.” तो बराच वेळ विचारात पडला.

मग आवाज आले. नळाला पाणी आल्यावर रिकाम्या घागरीत पडणाऱ्या धारेचा. शेजारच्या मशिदीतल्या अजानचा आणि लगेच मागून येणाऱ्या, आजीने लावलेल्या भक्तिगीतांचा. आणि एका मुलाचं हे, जसंच्या तसं: “आमच्या घरात माग दिवसरात्र चालू असतोय. बाळ त्याच आवाजात झोपतंय. लाईट गेली की माग थांबतोय आन्‌ बाळ दचकून उठतंय. आमच्यात शांत झालं की भ्या वाटतंय.”

वर्गशिक्षक माझ्या शेजारी उभे राहून वाचत होते. त्यांचा लाल पेनाचा हात ‘भ्या’पाशी पुढे आला आणि थांबला. “हे ‘भीती’ करू का?” त्यांनी हळू विचारलं. मी म्हटलं, “सर, आज राहू द्या. ‘भीती’ लिहायला तो शिकेलच. पण हे वाक्य त्याला पुन्हा सुचणार नाही.” ते हसले आणि पेन खिशाला लावलं. शिक्षक असा थांबला तर लिहिणारं मूल टिकतं. माझं मत एवढं ठाम आहे की मी त्यावर कुणाशीही भांडेन.

तिसऱ्या बाकावर खिडकीकडची एक मुलगी मात्र दोन्ही वेळा कोरा कागद देऊन गेली. मी तिला काही विचारलं नाही.

मंगळवार

आज भाषांचा दिवस. फळ्यावर ‘पाऊस’ लिहिलं आणि म्हटलं, घरी जे म्हणता ते सांगा. पहिली दोन मिनिटं कुणी बोलेना. घरची भाषा वर्गात मोठ्याने बोलायची सवय नाही, परवानगी आहे की नाही याचीही खात्री नाही. मग मागून एकजण म्हणाला, “वाना.” तेलुगू. दुसरी म्हणाली, “मळे.” कन्नड. तिसरा, “बारिश.” आणि लगेच एका मुलीच्या लक्षात आलं, “मॅडम, मळे म्हणजे मराठीत शेतं की! त्यांच्यात पाऊस म्हणजेच शेत!” तोवर दुसरी ओरडली, “आन्‌ वान तर आम्ही संक्रांतीला लुटतो!” हळदीकुंकवाचे दिवस चालूच होते. पुढचा अर्धा तास मला काही करावंच लागलं नाही. अक्का तिन्ही घरांत अक्काच निघाली, त्याचा सगळ्यांना फार आनंद झाला.

त्यातून ज्या कविता झाल्या, त्यांत दोन-दोन भाषांच्या ओळी एकमेकींत गेल्या होत्या. उभ्या ताण्यात आडवा बाणा जावा तशा. ही उपमा माझी नाही. ती दिली मधल्या रांगेतल्या एका मुलाने, ज्याचे वडील जकार्डच्या मागावर चादरी काढतात. मी त्याला विचारलं, चादरीवर मोरपीस कसं येतं? तो उठून थेट फळ्यापाशी आला. “वर पुठ्ठ्याची माळ असती. पुठ्ठ्याला भोकं असतात. भोक आलं की दोरा वर उचलतोय, भोक नसलं की खाली राहतोय. धोटा मधून जातोय.” त्याने खडूने ठिपके काढले. मग थोडं थांबून म्हणाला, “म्हणजे मोर भोकांनी लिहिलेला असतोय.”

मी मुलांसाठी इतकी वर्षं लिहिते आहे. इतकं नेमकं वाक्य मला मिळायला आठवडे लागतात.

सरांनी नंतर सांगितलं, हा मुलगा मराठीच्या पेपरात जेमतेम पास होतो. निबंधाचे विषय त्याला येत नाहीत: ‘माझा आवडता ऋतू’, ‘मी पंतप्रधान झालो तर’. पुठ्ठ्याच्या माळेवर कुणी निबंध मागितलाच नव्हता.

खिडकीकडच्या मुलीने आज अर्धी ओळ लिहून खोडली. सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि नुसतीच किशोरचा अंक चाळत उभी राहिली. मी तिला अंक घरी न्यायला दिला.

संध्याकाळी आत्येबहीण होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत घेऊन गेली. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीची, नंदीध्वजांची मिरवणूक होऊन गेली होती, पण पाळणे, मौत का कुआँ आणि खेळण्यांची दुकानं भरात होती. तिथे माझ्या वर्गातली तीन मुलं भेटली. “मॅडम, काय करूलालाव?” मी म्हटलं, “आवाज ऐकूलालाव.” ती इतकी हसली की बहिणीने विचारलं, हे कोण गं तुझे?

बुधवार

सकाळचा कार्यक्रम शहरातल्या एका मोठ्या शाळेत होता. नाव लिहीत नाही. कारण असं मी अनेक गावांत अनुभवलं आहे. सहाशे मुलं मैदानात उन्हात बसवलेली, मंचावर खुर्च्या, हार, शाल, नारळ, प्रास्ताविक, परिचय, अध्यक्षीय मनोगत. माझ्या वाट्याला वीस मिनिटं आली, तोवर पुढच्या रांगेतली लहान मुलं डोक्यावर रुमाल धरून पेंगायला लागली होती. मी भाषण सोडून एक छोटी गोष्ट वाचून दाखवली आणि खाली उतरले. मागच्या रांगांपर्यंत काही पोचलं नसणार, याचं मला आजही वाईट वाटतं. शालीच्या पैशांत पन्नास वह्या येतात. शाळांनी लेखकाला बोलवावं, जरूर बोलवावं, पण तो येण्याआधी मुलांनी त्याची एक तरी गोष्ट वाचलेली असावी आणि त्याने मुलांजवळ खाली बसावं, याची सोय आधी करावी.

ग्रंथालय बघायला मागितलं. कपाट होतं, पुस्तकंही चांगली होती, काचेआड आणि कुलपात. किल्ली कुणाकडे, यावर थोडी चर्चा झाली. एक तरुण बाई नंतर जिन्यात मला म्हणाल्या, “पुस्तक हरवलं, फाटलं तर भरून कोण देणार, ही भीती असते हो. म्हणून कुणी काढतच नाही.” त्यांचं खोटं नव्हतं. माझं म्हणणं इतकंच की फाटलेलं पुस्तक हे वाचलेलं पुस्तक असतं, आणि दरवर्षी थोडी पुस्तकं फाटणार हे धरूनच शाळेने हिशेब मांडावा.

दुपार त्याच बाईंनी वाचवली. नववीची पंचवीस मुलं घेऊन त्या म्हणाल्या, “चला, डॉ. कोटणीसांकडे.” भैय्या चौकातलं द्वारकानाथ कोटणीसांचं घर आता स्मारक आहे. १९१०मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथेच गेला. परत आलाच नाही. मुलांना तारखा पाठ होत्या. मी विचारलं, “निघताना पेटीत काय भरलं असेल? एकच वस्तू लिहा आणि ती का, ते लिहा.”

तारखांमागून माणूस बाहेर यायला एवढा एक प्रश्न पुरला. शेंगा चटणी सहा जणांनी लिहिली आणि ‘ती आठ दिवसांत संपली असेल, मग नुसता डबा ठेवला असेल, वासासाठी’ हे एकीने. एकाने चादर लिहिली. एका मुलाने लिहिलं, ‘घराची किल्ली. घरात माणसं होती म्हणून लागली नसती, तरी नेली असेल.’ बाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि पुढचं वाचायच्या आधी त्या थोडा वेळ थांबल्या.

गुरुवार

बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूला. माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्यामुळे नाव झालेला हा भाग, पण माळढोक आता दिसणं फार दुर्मीळ. काळवीट मात्र रस्त्यावरूनही दिसली. दोन्हीकडे मालदांडी ज्वारी उभी, कणसं भरलेली.

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन गुरुजी. भिंतीवर परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवलेलं. माढा तालुक्यातल्या या शिक्षकाला २०२०मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांमध्ये वाटली. इथले गुरुजी म्हणाले, “त्यांच्यामुळं गावाला एवढं कळलं की झेडपीची शाळा म्हणजे गरिबाची नाइलाजाची शाळा नव्हे.”

तिसरी-चौथीची मुलं लिहिण्यापेक्षा सांगण्यात पटाईत. म्हणून सांगायचं त्यांनी आणि लिहायचं मी, असं केलं. एक मुलगी म्हणाली, रात्री काळवीट ज्वारीत शिरतात म्हणून बाबा रिकामा डबा वाजवत राखणीला बसतात, “पण काळवीटाला वाटत असंल, इथं रोजच वरात हाय.” तिने सांगितलेलं मी तिच्यासमोर लिहिलं आणि वाचून दाखवलं. आपलं बोलणं कागदावर तसंच्या तसं उतरतं, याचं तिला केवढं नवल! तिने मला ते तीनदा वाचायला लावलं.

कोपऱ्यात एक मोठासा मुलगा बसला होता. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेला, हंगाम संपला की जाणार. गुरुजी त्याला शिक्षण हमी कार्डावर, म्हणजे स्थलांतरित मुलांसाठीच्या कार्डावर, वर्गात बसवून घेतात. त्याने स्वतःच कागद मागून घेतला आणि एक यादी लिहिली. पाटोदा, जामखेड, खर्डा, बार्शी, आणि पुढे वस्त्यांची नावं. प्रत्येक नावापुढे, तिथे मुक्कामात काय खाल्लं ते. जामखेडपुढे ‘भजी’, खर्ड्यापुढे ‘काय नाही’. मला म्हणाला, “ही गोष्ट नाही, बाई.” मी म्हटलं, “आहे. खर्ड्यापाशी मी थांबले बघ.” त्याने कागद परत घेतला, खर्ड्यापुढे काहीतरी वाढवून लिहिलं, पण मला दाखवलं नाही. घडी करून खिशात ठेवला. तो त्याचा अधिकार.

जेवण रानात: हुरडा, गूळ, शेंगा चटणी आणि दही. शेजारी गुरुजींची पोरं गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजत होती.

शुक्रवार

परत पूर्व भागातली सातवी. आज घडीपुस्तक. कागद एकदा उभा, एकदा आडवा आणि पुन्हा एकदा आडवा दुमडायचा, म्हणजे आठ चौकोन होतात. उलगडून अर्धा करायचा आणि मधल्या घडीवर बंद बाजूकडून एका चौकोनाएवढी चीर द्यायची. कागद पुन्हा उघडून, लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की आठ पानांचं पुस्तक तयार, ना टाका ना डिंक. चार कात्र्यांवर अडतीस मुलं, पण भांडण झालं नाही. पुठ्ठ्याच्या माळेवाला मुलगा सगळ्यांना कापून देत होता.

आधी जोडीत वाचन. नियम एकच: ऐकणाऱ्याने चूक काढायची नाही, फक्त प्रश्न विचारायचा. ‘बाळ उठल्यावर त्याला कोण घेतं?’, ‘पुठ्ठा फाटला तर मोराचं काय होतं?’ उत्तर सुचलं की ते मजकुरात घालायचं. मोठे लेखकही याहून वेगळं काही करत नाहीत.

खिडकीकडची मुलगी माझ्यापाशी आली. किशोरचा अंक परत केला आणि हळूच विचारलं, “मॅडम, विडीवर लिहिलं तर चालतंय का? शाळेत व्यसनमुक्तीचा निबंध असतोय की.”

मग मला तिचे कोरे कागद समजले. तिची आई आणि आजी विड्या वळतात. दिवसाला हजार वळायच्या तर पहाटेपासून बसावं लागतं. तेंदूची पानं भिजवायची, मापाने कातरायची, तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. शाळेत भिंतीवर तंबाखूच्या दुष्परिणामांचा फलक आहे, तो खराच आहे, आणि तिची वही, दप्तर, चपला सगळं त्याच तंबाखूतून येतं. पहाटेचा पहिला आवाज लिहा म्हटल्यावर तिच्या घरातला आवाज होता पान कातरणाऱ्या कात्रीचा. तो लिहायचा की लपवायचा, हेच तिला तीन दिवस ठरवता येत नव्हतं.

“चालतंय,” मी म्हटलं. “अगदी चालतंय.”

तिने आठही पानं भरली. एका पानावर कारखान्यात माल द्यायला आजीबरोबर जाते ते. तिथे तपासणारा माणूस विड्या बघतो आणि ज्या पसंत नाहीत त्या बाजूला टाकतो, त्यांना छाट म्हणतात, छाटीचे पैसे मिळत नाहीत. “आजी छाटीकडं बघत नाही. ती माझ्याकडं बघती.” आणि शेवटच्या पानावर: “आजी टीव्ही बघताना हातात पान नसलं तरी तिची बोटं वळत असतात.” एवढंच. तात्पर्य नाही.

पुस्तकं दोरीवर लावायची होती. वर्गशिक्षकांनी तिचं पुस्तक दोनदा वाचलं. मग म्हणाले, “हे व्यसनमुक्तीच्या फलकाशेजारी येईल. पाहुणे विचारतील.” मी गप्प राहिले, शाळा त्यांची आहे. ते दोरीचं टोक घेऊन थोडे इकडेतिकडे फिरले आणि शेवटी फलकाच्या खिळ्यालाच दोरी बांधली. तिचं पुस्तक पहिलं.

सुट्टी झाल्यावर मी पोस्टात गेले. पोस्टकार्डं अजून पन्नास पैशांना मिळतात. अडतीस घेतली, एकोणीस रुपये.

शनिवार

सकाळी साडेसहाची हुतात्मा, परत पुण्याला. बहिणीने दशम्या आणि शेंगा चटणी बांधून दिली. खिडकीला टेकून मी कार्डं लिहायला घेतली. प्रत्येकाला त्याच्या मजकुरावर एकच प्रश्न, म्हणजे उत्तर लिहावंसं वाटेल. पत्ता शाळेचा, नाव मुलाचं. आजवर त्यांतल्या कितीजणांच्या नावाने घरी टपाल आलं असेल?

मागाच्या मुलाला लिहिलं, लाईट आली की बाळ परत लगेच झोपतं का? पुठ्ठ्याच्या माळेवाल्याला लिहिलं, माळेतला एक पुठ्ठा चुकून उलटा लागला तर मोर कसा दिसेल? विडीवालीच्या कार्डावर बराच वेळ थांबले. मोहोळ मागे गेलं. मग लिहिलं: आजीची बोटं झोपेतही वळतात का? एकदा रात्री जागून बघ आणि मला कळव.

कुर्डुवाडी आली तेव्हा अकरा कार्डं झाली होती.